टन नकोत, नग सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या अंकात गोदाघाटावरच्या स्वच्छता मोहिमेची बातमी होती. फोटोत टोप्या घातलेली कॉलेजची मुलं, त्यांच्यापुढे मान्यवर, मान्यवरांच्या हातात कोरे करकरीत झाडू आणि वर मथळा : इतके टन कचरा गोळा. मुलांचं कौतुकच आहे. रविवारी सकाळी अंथरूण सोडून दुसऱ्याने केलेली घाण उचलायला जो येतो, त्याला नावं ठेवणारा मी कोण? माझं भांडण त्या टनाशी आहे.

मी नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमध्ये, जिथे नोटा आणि मुद्रांक छापतात तिथे, नोकरी करून निवृत्त झालो. आमच्याकडे अंदाजपंचे काही चालत नसे. ताव मोजायचे, दुसऱ्याने ते पुन्हा मोजायचे आणि हिशेब जुळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. एक ताव कमी भरला तर सगळी पाळी अडकून बसायची. ही सवय निवृत्तीनंतरही जात नाही. आमची सौ. म्हणते, पोळ्या वाढताना तुमच्यासमोर रजिस्टर ठेवायला हवं. तेव्हा 'अंदाजे अमुक टन' असं छापलेलं दिसलं की माझा हात आपोआप पेनाकडे जातो.

घाटावरचा कचरा वजनावर मोजला तर काय होतं, ते सांगतो. काठावर सगळ्यात जड काय असतं? चिखल, पाणवेली, नारळाच्या करवंट्या, दहाव्याला सोडून दिलेले कपडे, गाद्या-गोधड्या. भाजीची साधी पांढरी पातळ पिशवी घ्या, सुमारे २५ बाय ३५ सेंटिमीटरची, २० मायक्रॉनची. तिचं वजन तीन ग्रॅमच्या थोडं वर भरतं. म्हणजे किलोत तीनशेच्या वर पिशव्या बसतात. भिजलेली गोधडी सहज पाच-सहा किलोची असते. दोघांनी धरून ती गोधडी ट्रॅक्टरमध्ये टाकली की काट्यावर दीड हजार पिशव्या उचलल्याइतकं वजन दिसतं. नदीत मात्र दीड हजार पिशव्या तशाच राहतात. उद्या कोणी एकही पिशवी न उचलता नुसता गाळ काढला, तरी टन वाढतच जातील आणि मथळा आणखी मोठा होईल.

म्हणून विनंती एवढीच की बातमीत नग येऊ द्या. पिशव्या किती, गुटख्याच्या पुड्या किती, दुधाच्या पिशव्या किती, चपला किती.

हे मला सुचलं ते नाशकात नव्हे. माझी लेक विरारला दिली आहे. सप्टेंबरात तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, उद्या अर्नाळ्याला किनारा साफ करायला जायचंय, येता का?" सप्टेंबरचा तिसरा शनिवार हा जगभर किनारा स्वच्छतेचा दिवस म्हणून पाळतात. मी म्हटलं, चला. मला वाटलं होतं, तिथेही तेच, गोणी भरायची, फोटो काढायचा, घरी यायचं. पण तिथे एका मुलीने माझ्या हातात पुठ्ठ्याला चिमटा लावलेला एक कागद दिला. त्यावर वस्तूंची नावं आणि पुढे रिकामी जागा. जोडीदार उचलून नाव सांगेल, तुम्ही रेघ मारायची, चार रेघा झाल्या की पाचवी आडवी. संपादक महोदय, इतका आनंद मला निवृत्तीच्या निरोप समारंभातही झाला नव्हता.

नंतर कळलं की ही रीत पहिल्यापासूनची आहे. १९८६ साली अमेरिकेत टेक्ससच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओ'हारा या दोघींनी ही मोहीम सुरू केली. ज्या संस्थेत त्या काम करत, ती आज ओशन कॉन्झर्व्हन्सी या नावाने ओळखली जाते. नुसतं उचलायचं नाही, उचललेलं लिहायचं, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवलं. त्या मोजणीतूनच कळलं की जगभरच्या किनाऱ्यांवर नगाच्या हिशेबात वर्षानुवर्षं पहिला नंबर सिगारेटच्या थोटकांचा होता. थोटकाच्या टोकाला कापसासारखं दिसतं तेही एक प्रकारचं प्लास्टिकच. काट्यावर थोटकाचं वजन काय भरणार? वजन करत बसले असते तर ते कुणाच्या खिजगणतीतही आलं नसतं.

अर्नाळ्याचा किनारा लांबून छान दिसतो. सुरूची झाडं, समोर पाण्यात किल्ला. भरतीची रेघ जिथे असते तिथे वाकलं की खरं रूप दिसतं. पावसाळ्यात समुद्र आत घेतलेलं सगळं परत आणून टाकतो, हे मी आधी ऐकलं होतं, पण त्याला इतकी नीट ओळ असेल असं वाटलं नव्हतं. शैवाल, काटक्या, त्यात गुंतलेल्या जाळ्याच्या निळ्या-हिरव्या दोऱ्या, थर्माकोलचे दाणे, एका पायाच्या चपला आणि पिशव्या. त्या पिशव्या उचलायच्या म्हणजे उपसाव्या लागतात. वर दोन बोटं टोक दिसतं, ओढायला लागलं की वाळूतून हातभर निघते, आत ओली वाळू भरलेली. ओढताना मध्येच फाटते आणि अर्धी आत राहते. माझ्या जोडीदाराने, तो बारावीतला पोरगा होता, विचारलं, "काका, फाटलेली अर्धी धरायची की एक?" मी म्हटलं, एक. अर्धी आत राहिली तिचा हिशेब पुढच्या वर्षीचे लोक करतील.

तिथल्या एका तांडेलाशी, म्हणजे मासेमारी बोटीच्या म्होरक्याशी, बोललो. त्याने डोल जाळ्याचं सांगितलं. हे जाळं पाण्यात रोवलेल्या खुंटांना बांधतात, भरती-ओहोटीच्या तोंडावर. पुढे तोंड मोठं, मागे निमुळतं होत गेलेलं. ओढ जिकडून येईल तिकडून पाणी आत शिरतं आणि शेवटाकडे सगळं साठतं. त्यात बोंबील, कोलंबी, मांदेली आणि हल्ली पिशव्या. त्या पिशव्यांचं काय करता, विचारलं. तो हसला. बोटीत माशालाच जागा पुरत नाही, परत टाकतो पाण्यात. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच येतात. बंदरावर कोणी त्या घ्यायला उभा असेल तर आणू की, असंही म्हणाला. त्याचं हे बोलणं लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

त्या किल्ल्याच्या बाजूलाच वैतरणा समुद्राला मिळते. वैतरणा आपलीच, त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी. तिथलं पाणी एका अंगाने गोदावरी होऊन पूर्वेला जातं, दुसऱ्या अंगाने वैतरणा होऊन पश्चिमेला. आता वैतरणेवर मुंबईला पाणी पुरवणारी धरणं आहेत, त्यामुळे त्र्यंबकला टाकलेली पिशवी थेट अर्नाळ्याला लागते असं मी म्हणणार नाही. पण नाशिकला समुद्र नाही म्हणून किनाऱ्याच्या कचऱ्याशी आपला संबंध नाही, असं म्हणायचीही सोय नाही. आपल्याला लागून एक सोडून दोन समुद्र आहेत, फक्त लांब आहेत.

घरी परतल्यावर अर्नाळ्याच्या कागदाची नक्कल काढून त्यात आपल्याकडच्या वस्तू घातल्या. निर्माल्य, दशक्रियेचे कपडे, देवांच्या तसबिरी हे अमेरिकेच्या कागदावर नव्हतं, साहजिकच आहे. आणि दसकच्या घाटावर आम्ही काही जण रविवारी जायला लागलो. बहुतेक जण प्रेसमधलेच, म्हणजे मोजणीला कंटाळणारे नव्हेत.

दसक-पंचकची जागा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि तो गंगेवर जातो म्हणजे रामकुंडावर जातो. आम्ही राहतो त्याच गंगेच्या खालच्या अंगाला. रामकुंड, गांधी तलाव, बुधवारच्या बाजाराची जागा, वाघाडी, तपोवन, टाकळीला मिळणारी नासर्डी, या सगळ्यांचं धुऊन निघालेलं पाणी आमच्या दारावरून जातं. शहरात पुराचं पाणी दुतोंड्या मारुतीवरून मोजतात, कमरेपर्यंत आलं, छातीपर्यंत आलं. आम्ही दसकवाले बाभळीवरच्या पिशव्यांवरून मोजतो. पूर ओसरला की काठच्या बाभळींना पिशव्या लटकलेल्या असतात. सगळ्यात वरची पिशवी जिथे, तिथवर पाणी चढलं होतं. पाटबंधारे खात्याला हवं असेल तर हे माप मोफत उपलब्ध आहे.

आमच्याकडून सुटलेली पिशवी पुढे सायखेडा, चांदोरीवरून नांदूरमध्यमेश्वरला जाते. २०२० साली ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटल्यासारखे मेसेज पाठवले होते. हिवाळ्यात पक्षी बघायला गाड्या भरून जातो. त्या पाण्यात वरून काय येतं ते बघायला दसकला यायला हवं. तिथून पुढे पैठणचा नाथसागर, संभाजीनगर आणि जालन्याचं पिण्याचं पाणी. मग पार आंध्रात बंगालचा उपसागर, उगमापासून १,४६५ किलोमीटर.

आता मोजून काय कळलं, ते सांगतो.

पहिलं, पाण्याच्या बाटल्या जवळजवळ सापडतच नाहीत. बघा, बाटल्या आपण किती वापरतो! लग्नात, प्रवासात, सभेत जिकडे तिकडे. तरी घाटावर त्यांचा रकाना रिकामा. कारण आमच्या आधी, उजाडायच्या आत, कचरा वेचणाऱ्या बाया येऊन जातात. बाटलीला भंगारवाल्याकडे भाव आहे. पत्र्याच्या डब्याला भाव आहे. पुठ्ठा तर पाण्यात पडायच्या आधीच उचलला जातो. चिखलाने बरबटलेल्या पातळ पिशवीला मात्र कोणी विचारत नाही. ती धुवायला जितकं पाणी लागेल तितकी तिची किंमत नाही, आणि किलोभर वजन व्हायला तीनशे नग वाकून उचलायचे. कोण उचलेल? ज्याला काट्यावर भाव नाही तेवढंच नदीत राहतं. गुटख्याच्या पुड्यांचंही तेच. त्यांचे अनेक थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करून वितळवणं कुणाला परवडत नाही.

दुसरं, पिशव्यांमध्ये सगळ्यात मोठा ढीग बाजाराच्या पिशवीचा नसून निर्माल्याच्या पिशवीचा निघाला. निदान आमच्या घाटावर तरी. ही ओळखायला सोपी असते, तिला निरगाठ मारलेली असते. पुलावरून गाडी न थांबवता भिरकावायची म्हणून घट्ट बांधलेली. मोजायची तर उघडावी लागते. आत काय असतं? काळे पडलेले झेंडू, बेल, दुर्वा, इथवर ठीक, ते नदीत गेलं तरी कुजेल. पण त्याबरोबर कापराची डबी, उदबत्तीचं चकाकणारं पाकीट, वातींचा पुडा, तेलाची रिकामी पिशवी, हाराला बांधलेली जरीची दोरी आणि कधीकधी काच फुटलेली तसबीर. एका पिशवीच्या आत पाच-सहा पाकिटं. देवाला वाहिलेलं पायदळी येऊ नये, हा हेतू मला कळतो, मीही घरी पूजा करतो. पण मग ते देवाला वाहिलेलं प्लास्टिकच्या पोटात बांधून का टाकायचं? आत हवा नाही, त्यामुळे फुलं कुजतही नाहीत, नुसती सडतात. गाठ सोडली की जो वास येतो त्याला पवित्र कोणी म्हणणार नाही.

महापालिकेने निर्माल्य कलश ठेवले आहेत. लोक त्यात पिशवीसकटच टाकतात. माझं म्हणणं, कलशापाशी सण-वारी एक माणूस उभा करा. त्याने फक्त एवढंच करायचं, गाठ सोडायची, फुलं कलशात, पिशवी ज्याची त्याच्या हातात परत. आम्ही गणेशोत्सवात हे करून पाहिलं. लोक आधी बिचकतात. "पिशवी राहू द्या की हो काका." नाही, घेऊन जा. हातात परत मिळालेली रिकामी, ओली पिशवी माणसाला फार जड होते. पुढच्या खेपेला तो फुलं कागदात नाहीतर ताटात घेऊन येतो. सगळे नाही, पण येतात.

तिसरं, दुधाच्या पिशवीचे कोपरे. ही एक बारीकशी गोष्ट आहे, पण मोजल्याशिवाय दिसत नाही. दुधाची पिशवी स्वतः फारशी सापडत नाही, कारण ती जाड असते आणि भंगारात जाते. पण तिचा कात्रीने कापलेला, नखाएवढा त्रिकोण? तो सगळीकडे. अर्नाळ्याला वाळूत, दसकला चिखलात. तो कोणी वेचूच शकत नाही. तेव्हा घरोघरच्या बायकांना आणि दूध तापवणाऱ्या पुरुषांनाही विनंती, कोपरा पूर्ण कापू नका, छेद द्या आणि टोक पिशवीलाच लटकत ठेवा. याला ना कायदा लागतो ना पथक.

कायद्यावरून आठवलं. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लास्टिकच्या कॅरीबॅग बंद झाल्या आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिने कैद. त्या कायद्यात पिशवी पातळ की जाड याला महत्त्व नव्हतं, कॅरीबॅग बंद म्हणजे बंद. तरी आजही दुकानदार सांगतो, "आमची चालते, जास्त मायक्रॉनची आहे." तो बोलतो तो केंद्राचा नियम. त्यात ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची अट आली. बरं, १२० मायक्रॉन म्हणजे किती? कागदाची जाडी चिमटीत धरून सांगणारी माणसं आम्ही, म्हणून सोपं करून सांगतो. झेरॉक्सचा नेहमीचा कागद साधारण १०० मायक्रॉनचा असतो. १२० ची पिशवी त्याहून जाड लागायला हवी. तुमच्या भाजीवाल्याची पिशवी आणि एक झेरॉक्स कागद दोन हातांच्या चिमटीत धरा, मला पत्र लिहायची गरज उरणार नाही.

आणि ती कापडासारखी दिसणारी, खरबरीत, रंगीत पिशवी, जी कपड्याच्या दुकानात मिळते आणि जिला सगळे 'कापडी' म्हणतात? काडी ओढून बघा. कापड जळून राख होतं, ही वितळून गोळा होते. ती पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच. अनेकदा वापरली तर हरकत नाही, पण तिला कापड समजून कुणी पुण्य पदरात बांधून घेऊ नये.

दंडाचं म्हणाल तर तो कोणाला होतो हे जेल रोडच्या बाजारात उभं राहून पाहावं. मी ज्या मावशींकडून भाजी घेतो, त्यांच्या पिशव्यांचा पुडा मेथीच्या गोणपाटाखाली असतो. पथक आलं की वर कोथिंबिरीची जुडी. मी बोललो तर म्हणाल्या, "काका, तुम्ही पिशवी आणता, तुमचं खरंय. ऑफिस सुटल्यावर गाडीवर बसूनच भाजी मागणारे येतात. गाडीला हूक आहे, डिकी आहे, पिशवी नाही. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या हातगाडीवर." यात त्यांचं काय चुकलं ते मला सापडलेलं नाही. दिवसभर उन्हात बसून जो नफा होतो, त्यात पाच हजारांचा दंड बसला तर त्या महिनाभर उठणार नाहीत. बंदी असलेला माल कुठल्यातरी कारखान्यात तयार होतो, कुठल्यातरी टेम्पोतून येतो, कुठल्यातरी गाळ्यात उतरतो. पथकाला मेथीखालचा पुडा दिसतो आणि टेम्पो दिसत नाही, याचं मला नवल वाटतं.

मग करायचं काय? मोजणीतच उत्तर आहे. बाटली नदीत राहत नाही कारण तिला भाव आहे. मग भाव नसलेल्या वस्तूला भाव द्या. २०१८ च्या त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर पन्नास पैसे परतीची किंमत छापायची तरतूद होती. माझ्या हातात तशी पिशवी कधी आली नाही. तो पन्नास पैशांचा शिक्का ज्या कोणाच्या टेबलावर अडकला असेल, तिथून तो सोडवला पाहिजे. परदेशातलं उदाहरण हवं तर आयर्लंडचं आहे. तिथे २००२ साली दुकानातल्या प्रत्येक पिशवीवर १५ सेंट कर बसवला आणि पिशव्यांचा वापर नव्वद टक्क्यांच्या आसपास खाली आला. लोक रातोरात शहाणे झाले नाहीत, फुकटचं बंद झालं. अर्नाळ्याच्या तांडेलालाही बंदरावर कोणी चार पैसे देऊन पिशव्या घेणारा मिळाला, तर तो त्या समुद्रात परत टाकणार नाही.

आपल्याकडे कॅरीबॅगवर कर बसवता येणार नाही, कारण ती मुळात बंदच आहे, कागदोपत्री. पण कापडी पिशवीला अनामत लावता येईल. बुधवारच्या बाजारापासून सुरुवात करा. बचत गटांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवाव्यात, वीस रुपये अनामत, कुठल्याही गाळ्यावर घ्या, कुठल्याही गाळ्यावर परत द्या. प्रत्येक पिशवीवर एकच शिक्का हवा आणि (इथे माझा प्रेसचा किडा वळवळतो) अनुक्रमांक. हसू नका. नंबर असला की किती फिरल्या, किती हरवल्या, कुठल्या गाळ्यावर साचल्या हे कळतं. एरवी अशा योजनांचं उद्घाटन होतं आणि सहा महिन्यांनी त्या पिशव्या कुणाच्या घरी लादी पुसताना सापडतात.

तोंडावर २०२६-२७ चा सिंहस्थ आहे. २०१५ ला 'हरित कुंभ'ची हाक दिली होती, हेतू चांगला होता. या खेपेला माझं मागणं लहान आहे. रामकुंडावर आणि त्र्यंबकला कुशावर्तावर तीर्थ न्यायला प्लास्टिकचे कॅन आणि बाटल्या विकतात, दीपदानाच्या द्रोणांना चंदेरी कागद असतो, प्रसादाला पातळ पिशवी असते. या तीन-चार वस्तूंची आत्तापासून दर आठवड्याला, ठरलेल्या शंभर पावलांत, नगावर मोजणी व्हावी. पर्वणीच्या आधी किती, नंतर किती. ठेकेदाराचं बिलही मग टनावर निघू नये. टनावर पैसे मिळणार असतील तर तो गाळच उपसणार, मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

वर्सोव्याचं उदाहरण लोक मला नेहमी देतात, आणि ते देण्यासारखंच आहे. अफरोज शाह या वकिलाने २०१५ च्या ऑक्टोबरात शेजाऱ्याला घेऊन किनारा साफ करायला सुरुवात केली, २०१६ ला संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला आणि २०१८ च्या मार्चमध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे! उचलण्याने काही होत नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी एवढं पुरे. पण त्यांनाही आठवड्यामागून आठवडे पुन्हा यावं लागलं, कारण भरती रोज येते. आपल्या मोहिमा मात्र एका रविवारी होतात आणि पुढच्या वर्षीच्या जयंतीपर्यंत विसावतात.

जाता जाता एक. मोहीम झाल्यावर पोहे मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही, पोहे हवेतच. पण एका मोहिमेत ते प्लास्टिकच्या ताटलीत, प्लास्टिकच्या चमच्यासह मिळाले. १ जुलै २०२२ पासून देशभर बंद असलेल्या वस्तूंच्या यादीत ताटल्या आणि चमचे दोन्ही आहेत. मी माझ्या कागदावर तेही लिहिले. आयोजकांना ते आवडलं नाही. मागे लावलेला फ्लेक्स कोणत्या रकान्यात धरायचा, हे विचारायचं मग मी टाळलं.

दसकच्या घाटावर आम्ही रविवारी सकाळी सातला असतो. कागदाच्या झेरॉक्स माझ्याकडे भरपूर आहेत, कुठल्याही मंडळाने न्याव्यात. येताना बॉलपेन आणा, शाईचं नको, ओल्या हाताने अक्षरं पसरतात. आणि आपला बातमीदार पाठवणार असाल तर साडेनऊनंतर पाठवा. त्याआधी मोजणी पुरी होत नाही.

आपला,
एक निवृत्त प्रेस कामगार
जेल रोड, नाशिक रोड